चार नावांची टपालपेटी

मी एक जुनी टपालपेटी आहे. चौकातली ती लाल, ऐटबाज सरकारी पेटी मी नव्हे. तिच्यात पडलेली पत्रं पुढच्या गावाला निघून जातात. माझ्यात पडतात ती पत्रं मुक्कामाला आलेली असतात. सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका गल्लीत, दोन खोल्यांच्या घराच्या दाराशेजारी मी चाळीस वर्षं दोन खिळ्यांवर टांगलेली आहे. आता माझी बिजागरी कुरकुरते आणि तळाचा एक कोपरा गंजून गेला आहे. पण मित्रांनो, माझ्या अंगावर चार लेखकांची नावं रंगवलेली आहेत आणि त्या घरात लिहिणारा माणूस मात्र एकच आहे. ते कसं, ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म शेंगदाणा तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्यातून झाला. पत्र्याची कामं करणाऱ्या एका चाचांनी मला कापलं, ठोकलं, वर एक लांबट फट ठेवली आणि पुढं कडीचं दार बसवलं. मला करून घ्यायला आलेला तरुण सडपातळ होता, चष्मा लावलेला होता आणि सारखा घड्याळ बघत होता. चाचा हसून त्याला म्हणाले, "इत्ते बड़े डब्बे में क्या डालतेजी?"

"चिठ्ठ्यां, चाचा."

"इत्ती चिठ्ठ्यां कौन लिखता तुमना?"

तरुण लाजला आणि पुन्हा घड्याळ बघू लागला. त्याचं नाव गुरुराज ईश्वरप्पा बिराजदार. अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका खेड्यातला हा मुलगा. घरात कानडी, शाळेत मराठी, अशी त्याची वाढ झाली. सोलापुरात तो एका सरकारी कचेरीत कारकून होता. दिवसभर तो आवक-जावक करायचा आणि संध्याकाळी पाचच्या ठोक्याला घरी येऊन लिहायला बसायचा.

काय लिहायचा म्हणून विचाराल, तर काय लिहीत नव्हता म्हणून विचारा! तो रहस्यकादंबऱ्या लिहायचा. त्यांवर नाव असायचं विक्रांत सरनोबत. तो घरगुती, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कादंबऱ्या लिहायचा. त्यांवर नाव असायचं कुमुद राजोपाध्ये. आणि तो कविताही करायचा. माळाच्या, मोकळ्या आभाळाच्या, टँकरची वाट बघणाऱ्या घागरींच्या. त्या कवितांखाली नुसतं 'कोरडवाहू' असं छापून यायचं. सुरुवातीला त्यानं हे कचेरीच्या धाकानं केलं, कारण सरकारी नोकराला काही छापायचं तर साहेबाची परवानगी लागते आणि साहेब परवानगी देणाऱ्यांतले नव्हते. पुढं साहेब बदलले, पण तोवर तिन्ही नावं पायावर उभी राहिली होती. स्वतःचं नाव त्यानं कुठंच वापरलं नाही. ते खऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवलंय, असं तो म्हणायचा.

माझी गरज पडली ती पोस्टमन धोंडप्पामुळं. कुमुदताईंच्या पहिल्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर पत्ता छापला होता आणि वाचकांची पत्रं यायला लागली होती. धोंडप्पा काटेकोर माणूस. "असली बाई या पत्त्यावर राहत न्हाय," असं तो पाकिटावर लिहून पत्रं परत पाठवायचा. सतरा पत्रं अशी परत गेली. हे कळल्यावर गुरुराज धावतच त्याला गाठायला गेला.

"धोंडप्पा, ती बाई मीच हाय की!"

धोंडप्पानं त्याच्या मिशीकडं नीट बघून घेतलं. मग म्हणाला, "तुमी काय बी असा साहेब, मला काय करायचंय? दारावर नाव लिवा. नाव दिसलं की मी टपाल टाकतो."

म्हणून मी आले आणि मला रंगवायला पेंटर आला. काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं. वर कुमुद राजोपाध्ये, कारण तिची पत्रं सगळ्यांत जास्त. तिच्याखाली विक्रांत सरनोबत. मग कोरडवाहू. एवढ्यात माझी जागा संपत आली. पेंटर म्हणाला, "आता लई तर एक वीतभर जागा हाय." तेव्हा गुरुराज म्हणाला, "मग माझं काय, गु. ई. बिराजदार एवढंच लिहा." तळाला, बारक्या अक्षरांत, त्याचं स्वतःचं नाव बसलं.

मित्रांनो, ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. दुपारी धोंडप्पाची सायकल थांबली की माझी फट उघडायची आणि पोट भरून जायचं. संध्याकाळी गुरुराज माझ्याखालच्या पायरीवर बसून पत्रं फोडायचा. मोठ्यानं वाचायची त्याला सवय होती, म्हणून मला सगळं कळायचं. विक्रांतला शाळकरी पोरं लिहायची की, खुनी आम्ही चाळिसाव्या पानावरच ओळखला होता. कोरडवाहूला चार महिन्यांतून एक पत्र यायचं, तेही सांगोल्याच्या एकाच मास्तरांचं. आणि कुमुदताईंना बाया आपलं मन उघडं करून लिहायच्या. सासूचं, नवऱ्याचं, शिकायचं राहून गेल्याचं. जे सख्ख्या बहिणीला सांगता येत नाही, ते त्या कुमुदताईंना सांगायच्या.

गुरुराज प्रत्येकीला उत्तर द्यायचा. विक्रांतचं अक्षर उभं, निळ्या शाईचं. कुमुदताईंचं तिरकं, हिरव्या शाईचं. उत्तरं रविवारी लिहायची अशी त्याची रीत होती. आधी सगळ्या कार्डांवरचा मजकूर लिहून काढायचा, ती ओळीनं मांडायची, आणि शेवटी एका दमात सगळ्यांवर सह्या ओढायच्या. या रीतीनंच एकदा त्याचा घात केला.

त्याचं असं झालं. दर महिन्याला तो गावी आईला कानडीत एक कार्ड लिहायचा. आईचं नाव चन्नम्मा. तो तिला अव्वा म्हणायचा. वडील ईश्वरप्पा तो लहान असतानाच गेले होते आणि अव्वानं एकटीनं रान सांभाळून त्याला वाढवलं होतं. तिला कानडी वाचता यायचं, मराठी नाही. त्या रविवारी अव्वाचं कार्ड चुकून कुमुदताईंच्या ओळीत मांडलं गेलं. हिरव्या शाईनं सह्या ओढता ओढता त्याच्यावरही सही झाली, 'तुमचीच, कुमुद राजोपाध्ये.'

आठ दिवसांनी, भर दुपारी, दारात एक बाई उभी राहिली. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी, डोक्यावर गाठोडं. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण कार्डांवरची तिची मोठमोठी अक्षरं ओळखत होते. गुरुराज कचेरीत होता. ती पायरीवर बसून राहिली आणि आत-बाहेर कोण येतं-जातं ते बघत राहिली. गल्लीतल्या एका बाईनं कुणाची वाट बघताय विचारलं, तर मोडक्या मराठीत म्हणाली, "सून यायची हाय. कुटं गेली कुणास ठाऊक."

संध्याकाळी गुरुराज आला आणि दचकलाच. मायलेकरं कानडीत बोलायची. मी सोलापूरची, मला दोन्ही कळतं. तुम्हाला मराठीत सांगते.

"अव्वा! कळवलं का न्हाईस?"

"तू तरी कळवलास का?" अव्वानं कार्ड काढून त्याच्यापुढं धरलं. "गावच्या मास्तरनं खालचं नाव वाचून दाखवलं. बामनाची हाय म्हनं. मी काय रागवायला आले न्हाय, पोरा. पर लगीन झाल्यावर सुनेनं नुसतं नाव लिवून पाठवायचं का? कुटं हाय ती?" आणि तिनं गाठोडं सोडलं. आत कडक भाकऱ्या होत्या, शेंगाचटणी होती, आणि हिरव्यागार इरकलीचं एक कोरं लुगडं होतं. सुनेसाठी आणलेलं.

गुरुराज आधी हसला, आणि मग त्या लुगड्याकडं बघून त्याचं हसू मावळलं. त्यानं अव्वाला माझ्यापुढं उभं केलं आणि एकेका नावावर बोट ठेवून सगळं सांगितलं. ही कुमुद, ती मीच. हा विक्रांत, तोही मीच. हा कोरडवाहू. अव्वा प्रत्येक नावाला मान हलवत होती.

"आणि आपलं कुटलं?"

त्यानं खाली वाकून बोट ठेवलं. "हे. गु. ई. बिराजदार."

"यात अप्पाचं नाव कुटं हाय?"

"हे ई म्हणजे अप्पा."

"एवढंच?" अव्वा म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या एका अक्षराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुझा बाप गेला तवा त्याच्या नावावर चार एकर रान आणि तू, एवढंच राहिलं. रान दुष्काळानं खाल्लं. आता तू हायस. या तिघांस्नी तू पोसलास, मोठं केलास. बापानं ठेवलेल्या नावानं काय घोडं मारलं रे?"

"ते राखून ठेवलंय अव्वा. चांगल्या पुस्तकाला."

"मग लिव की चांगलं पुस्तक. वर तुझं आणि अप्पाचं पुरं नाव घाल. मला वाचता यायचं न्हाय, पर मास्तरला म्हनेन, हितनं वाच."

"लिवतो अव्वा. पुढल्या वर्षी देतो तुझ्या हातात."

हे वचन त्यानं माझ्यासमोर दिलं. त्या दिवसापासून त्याच्या आयुष्यात लिहिण्यासारखं एकच पुस्तक उरलं, असं मी म्हणेन. अव्वा दोन दिवस राहून गेली. जाताना लुगडं तिथंच ठेवून म्हणाली, "खरीखुरी सून येईल तवा दे." पुढच्या वर्षी ती आली. तिचं नाव श्रीदेवी. हळदीच्या अंगानं ती ते लुगडं नेसून दारात उभी राहिली, आणि सगळी हकिगत कळल्यावर जन्मभर त्याला 'सवतीचं लुगडं' म्हणत राहिली. घरात काही बिनसलं की ती माझ्याकडं हात करून म्हणायची, "जावा, तुमच्या कुमुदला सांगा."

पुढल्या वर्षीचं पुस्तक मात्र आठ वर्षं चाललं. मधे विक्रांतचे खून झाले, कुमुदताईंची लग्नं मोडली आणि जुळली, कारण प्रकाशकाला तेच हवं असायचं. पण पहाटे उठून गुरुराज ते दुसरं लिहायचा. अव्वाच्या रानाची, तिच्या एकटेपणाची, खुरप्याच्या मुठीनं पडलेल्या घट्ट्यांची गोष्ट. नाव ठेवलं होतं 'अव्वाचं रान'. दर दिवाळीला अव्वाचं कार्ड यायचं. क्षेमकुशल झालं की शेवटी एकच प्रश्न असायचा, 'झालं का?' तो उत्तर लिहायचा, 'चाललंय.'

एकदाचं पुस्तक झालं. तो ते घेऊन पुण्याला प्रकाशकांकडं गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. घरात न जाता तो माझ्याखाली बसला. श्रीदेवी बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"रडले म्हणे रात्री वाचताना. पण म्हणाले, बिराजदारला कोण ओळखतं? पाचशे प्रती पण जायच्या न्हाईत, गठ्ठे पडून राहतील. कुमुदताईंचं नाव घाला, घरोघर जाईल."

"मग तुमी काय म्हणालात?"

"विचार करतो म्हणालो."

पंधरा दिवस त्यानं विचार केला. मित्रांनो, तो पैशाला भुलला असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. त्याला भीती वाटली. 'माझ्या नावापायी अव्वाची गोष्ट कुणी वाचलीच नाही तर?' असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की नको रे, थांब. पण माझं तोंड पत्र घेण्यापुरतं आहे, बोलण्यापुरतं नाही. सोळाव्या दिवशी त्यानं होकार कळवला. 'अव्वा' हा शब्द पुण्याकडं कळणार नाही म्हणून नावही बदललं. कुमुद राजोपाध्ये यांची नवी कादंबरी 'आईचं रान' बाहेर आली.

त्या वर्षी मला पत्रं मावेनात. धोंडप्पा गठ्ठे सुतळीनं बांधून पायरीवर ठेवायचा. करमाळ्याहून, मंगळवेढ्याहून, कुठून कुठून बाया लिहीत होत्या, 'ताई, ही तर माझीच आई.' गुरुराज ती पत्रं वाचायचा, पण आता मोठ्यानं नाही. उत्तरं मात्र एकूण एक दिली, तिरक्या अक्षरात, हिरव्या शाईनं. आणि दिवाळीला अव्वाचं कार्ड आलं, 'झालं का?' त्यानं बराच वेळ पेन हातात धरलं. मग लिहिलं, 'चाललंय.'

असं त्यानं सहा वर्षं लिहिलं. जे झालेलं होतं ते चाललंय म्हणून.

मग 'आईचं रान'ला पुण्यात एक मोठा पुरस्कार मिळाला. लेखिकेची प्रकृती बरी नाही असं सांगून प्रकाशकच तो घेणार होते. गुरुराज आणि श्रीदेवी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायला गेले. ती दोघं गावात नसताना धोंडप्पानं माझ्यात एक कार्ड टाकलं. ते अव्वाचं होतं. कार्ड उघडंच असतं, म्हणून मी ते वाचलं. अक्षरं ओळी सोडून वरखाली गेली होती. तिनं लिहिलं होतं, 'डोळ्याला आता दिसत न्हाय. मास्तरची बी बदली झाली. पर पुस्तक झालं की आण. अप्पाचं नाव जरा जाड अक्षरात छापायला सांग. बोटानं चाचपून बघीन.'

चार दिवस ते कार्ड माझ्या पोटात होतं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत जड टपाल. चौथ्या दिवशी गुरुराज आला, त्यानं ते उभ्याउभ्या वाचलं, हातातली पिशवी श्रीदेवीकडं दिली आणि तसाच एसटी स्टँडकडं गेला.

सहा दिवसांनी तो परतला. श्रीदेवी दारातच होती. तो पायरीवर बसला आणि खाली बघत बोलला.

"अव्वा हातरुणावर व्हती, पर वळखलं मला. आवाजानं. मी म्हणालो, अव्वा, झालं पुस्तक."

"मग?"

"तिनं हात पुढं केला." त्यानं चष्मा काढून पायरीवर ठेवला. "माझ्याकडं द्यायला काय न्हवतं, श्रीदेवी. कुमुदचं पुस्तक सुदिक न्हेलं न्हवतं. नुसता हात धरून बसलो. सकाळी गेली."

त्यानंतर गुरुराजनं लिहिणं सोडलं. विक्रांत संपला, कोरडवाहू संपला, आणि कुमुदताईंची कादंबरी का येत नाही म्हणून विचारणारी पत्रंही हळूहळू थांबली. लोकांच्या खिशात फोन आले. धोंडप्पा निवृत्त झाला, शेवटच्या दिवशी माझ्यावर थाप मारून म्हणाला, "लई वजन वाहिलंस गं." मग माझ्या वाट्याला विजेची बिलं आली, क्लासच्या जाहिराती आल्या, लग्नाच्या पत्रिका आल्या. पावसानं रंग उडाला. एका पालीनं माझ्यात संसार थाटला. कधी कधी सहा-सहा महिने माझं दार उघडत नसे. पत्र येणं बंद होतं तेव्हा पेटी रिकामी होते असं लोक समजतात. खरं म्हणजे ती वाट बघण्यानं भरून जाते, आणि ते वजन उतरवून घ्यायला कुणी येत नाही.

गुरुराजही निवृत्त झाला. सकाळी तो पायरीवर बसायचा आणि गल्लीच्या टोकाकडं बघायचा. वर्षामागून वर्षं गेली. सहासष्टावं लागलं तेव्हा एके दिवशी श्रीदेवीच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "पुण्याच्या त्या प्रकाशकाचं दुकान कधीच मिटलं. आता कुणाला भिताय? छापा की तुमच्या नावानं."

"आता कुणाला द्यायचंय?"

"कुणाला द्यायचंय ते मला इचारू नका. अव्वाला बोलला व्हता तुमी. आता करा."

तर मग ते झालं. सोलापुरातल्याच एका छापखान्यात तीनशे प्रती निघाल्या. 'अव्वाचं रान'. लेखक, गुरुराज ईश्वरप्पा बिराजदार. अक्षरं इतकी जाड की छापखानेवाला म्हणाला, साहेब, हे लई भडक दिसतंय. गुरुराज म्हणाला, असू दे. पहिल्या पानावर त्यानं छापलं होतं, 'माझी आई चन्नम्मा हिला, उशिरा.' पहिली प्रत घेऊन तो गावी गेला आणि लिंगायतांच्या रीतीनं अव्वाला जिथं पुरलं होतं तिथं बसून आला. बाकीच्या प्रती त्यानं सांगोल्याच्या, करमाळ्याच्या, मंगळवेढ्याच्या वाचनालयांना बुकपोस्टानं पाठवल्या. मागच्या पानावर पत्ता दिला. मग माझी बिजागरी साफ केली, पालीला हाकललं, आणि आम्ही दोघं वाट बघायला लागलो.

दोन महिने काही आलं नाही. तिसऱ्या महिन्यात पत्र आलं. गुरुराज ईश्वरप्पा बिराजदार यांस. माझ्या साऱ्या आयुष्यात त्या पुऱ्या नावानं आलेलं ते वाचकाचं पहिलं पत्र! त्यानं ते तिथंच फोडलं आणि कित्येक वर्षांनी मोठ्यानं वाचलं. लिहिणारी मंगळवेढ्याची शिक्षिका होती, अक्षता नावाची.

'श्री. बिराजदार, तुम्हाला लाज कशी वाटली नाही? हे पुस्तक कुमुदताई राजोपाध्यांचं आहे. माझ्या आईनं ते पारायण केल्यासारखं वाचलंय. तिच्या उशाशी कुमुदताईंचं हिरव्या शाईतलं पत्र अजून आहे. ताई हयात नसतील म्हणून तुम्ही आईचं अव्वा केलंत आणि आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात छापून घेतलंत. ही चोरी आहे.'

पुढच्या पंधरवड्यात अशी आणखी तीन पत्रं आली. सगळ्यांत शिव्याच. पण पहिलं पत्र वाचून संपलं तेव्हा मी पाहिलं तर गुरुराज हसत होता. डोळे भरले होते आणि हसत होता.

श्रीदेवी म्हणाली, "अवो, चोर म्हणालेत तुमाला. आणि हसताय काय?"

"पर माझ्या नावानं म्हणालेत की!"

हसू ओसरल्यावर मात्र तो फार अस्वस्थ झाला. इतरांचं त्याला एवढं लागलं नाही. अक्षताच्या आईचं लागलं. तिच्या मनातली कुमुदताई खोटी ठरवायची, की अव्वाचा मुलगा चोर राहू द्यायचा? तो आत गेला आणि कुठून तरी हिरव्या शाईची दौत शोधून आणली. शाई वाळली होती. पाणी घालून त्यानं ती हलवली. कुमुदताईंच्या तिरक्या अक्षरात तो लिहायला लागला, 'प्रिय अक्षता, बिराजदारांनी हे पुस्तक माझ्या परवानगीनं...'

श्रीदेवीनं त्याच्या हातावर हात ठेवला. "बास. कुमुदला बसू द्या आता. लई केलं तिनं तुमच्यासाठी."

त्यानं कागद फाडला. दुसरा घेतला. आणि पहिल्यांदाच मी त्याचं स्वतःचं अक्षर वाचकाला लिहिलेल्या पत्रावर पाहिलं. ते ना उभं होतं ना तिरकं. जरासं अव्वाच्या अक्षरासारखं मोठं होतं. सहा पानं त्यानं लिहिली. तीन नावांचं, चुकून झालेल्या सहीचं, लुगड्याचं, पुण्याहून आल्यावरच्या पंधरा दिवसांचं, आणि पुढं केलेल्या त्या हाताचं. शेवटी लिहिलं, 'तुमच्या आईंना फसवलं असेन तर क्षमा करा. ती हिरवी अक्षरं माझी होती, पण त्यातला जिव्हाळा खोटा नव्हता. या पुस्तकाचा मात्र मी चोर नाही. एवढं तुम्ही मानलंत तर मला पुरे आहे.'

पत्र गेलं. मग जे दिवस गेले ते मला विचारू नका. तो रोज येऊन माझं दार उघडायचा. रविवारी टपाल येत नाही हे ज्याला अख्ख्या गल्लीत सगळ्यांत चांगलं माहीत, तो रविवारीही उघडायचा. आत हात घालून चारी कोपरे चाचपायचा. मला त्याच्या हाताची लाज वाटायची, कारण त्याला द्यायला माझ्याकडं काही नसायचं. दहा दिवस झाले. पंधरा झाले. श्रीदेवी म्हणाली, "नसेल पटलं तिला." तो म्हणाला, "नसेल."

एकोणिसाव्या दिवशी नवी पोस्टवूमन आली. सई तिचं नाव, स्कूटीवरून येते. तिनं एक पाकीट काढलं, माझ्या फटीजवळ आणलं आणि थांबली. माझ्यावरची उडालेली नावं वाचायचा तिनं प्रयत्न केला, पुन्हा पाकिटाकडं बघितलं. गुरुराज पायरीवरच होता.

"काका, यावरचं नाव जरा येगळंच हाय. हितं असं कोण राहतं का?"

"काय लिवलंय?"

सईनं वाचलं, "चन्नम्मांचे चिरंजीव, गुरुराज ईश्वरप्पा, यांस. मंगळवेढ्याहून हाय."

तो उठला. उठताना त्यानं माझा आधार घेतला, आणि माझे खिळे हलले.

"तुमीच का हे?" सईनं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "मीच तो."

त्या पाकिटात काय होतं ते मला माहीत नाही. ते माझ्यात पडलंच नाही. सईच्या हातातून थेट त्याच्या हातात गेलं. तो ते न फोडता तसाच आत घेऊन गेला. टपालपेटीला एखादं पत्र चुकल्याचं दुःख होतं म्हणतात. मला त्या दिवशी झालं नाही.

मित्रांनो, माझं आता फार दिवस राहिलेलं नाही. तळ गेला की भंगारवाला येईल. माझ्यासाठी काही करा असं मी म्हणणार नाही. थोडं तेल मिळालं तर बिजागरीला बरं वाटेल, एवढंच. पण तुमच्या उशाशी एखादं पुस्तक असेल, रात्री पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटणारं, तर ते कुणी लिहिलं ते एकदा नीट बघा. आणि त्याला चार ओळी लिहा. रागाच्या असल्या तरी चालतील. पण वर नाव पुरं घाला, आईवडिलांसकट. कुठल्या तरी गल्लीत कुणीतरी त्या नावानं हाक यायची वाट बघत बसलेलं असतं, आणि आपण उशीर करतो.